सुकी मांडणी

फरशी बसवणाऱ्याच्या घरची फरशी कधी धड नसते. या घरातही दहा ठिकाणच्या कामांतून उरलेल्या फरश्या होत्या. पांढरीशेजारी करडी, करडीशेजारी ठिपक्यांची, आणि मधेच एक हिरवीगार, कुणाच्या तरी न्हाणीघरातून वाचलेली. त्या गोधडीवर शनिवारी सकाळी घरधनी खडू घेऊन रांगत होता, आणि टेपचं दुसरं टोक धरून त्याची दुसरीतली लेक ठकी त्याच्यामागून रांगत होती. दारालगतच्या खाटेवर बसून आजी हे रांगणं बघत होत्या. पस्तिशीच्या लेकाला पुन्हा रांगताना बघायचं भाग्य किती आयांना मिळतं?

"स्वयंपाकघर झालं. आता झोपायची खोली," तो म्हणाला.

"एवढीच?"

"एवढीच. तिथलं भाडं बघितलंस का?"

ठकीने अर्थातच बघितलं नव्हतं.

'तिथे' म्हणजे परदेशात. तिथल्या एका बांधकाम कंपनीने त्याला फरशीकामावरचा मुकादम म्हणून बोलावलं होतं. करार पाच वर्षांचा, पगार भरघोस, तिकिटं कंपनीची. घर मात्र ज्याचं त्याने शोधायचं, आणि बायकोनेही तिथे काम धरलं तरच भाडं निघणार होतं. आधी जाऊन बसलेल्या एका मित्राने परवडेलशा घराची मापं आणि बाजारातले भाव कळवले होते. होकार-नकार लवकरच द्यायचा होता.

"फरशी चिकटवायच्या आधी आम्ही ती सुकी मांडून बघतो," त्याने बायकोला आणि आईला समजावलं होतं. "सिमेंट न लावता. नाही जमली तर उचलायची, परत मांडायची. एकदा सिमेंट लागलं की बसा बोंबलत. तसं आपण आठवडाभर तिथल्यासारखं राहून बघू. तेवढ्याच जागेत, तिथल्याच भावाने."

आजींना ही कल्पना मनापासून पटली होती. त्यांचं सगळं आयुष्य बालवर्गात मुलांना आकडे शिकवण्यात गेलं होतं. बेरीज चुकली तर त्या कधी "चुकलं" म्हणाल्या नाहीत. मुलापुढची बटणं गोळा करायच्या, त्याच्याच ओंजळीत परत द्यायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा मांड." हा लेकही त्याच बटणांवर शिकला होता.

"बाबा, तू खोलीच्या मधेच रेघ का मारलीस?" ठकीने विचारलं.

"सवय गं. मधली रेघ आधी. अख्ख्या फरश्या मधे लावायच्या, कापलेले तुकडे कडेला. दारामागे, कपाटाखाली. तिथे कुणाचं लक्ष जात नाही."

आजी दारामागे बसल्या होत्या. त्यांनी पाय खाटेवर घेतले, रेघ पुसली जाऊ नये म्हणून.

दुपारपासून परदेश सुरू झाला. ठकी त्या देशाची पहारेकरी. आई पाण्याचा तांब्या घेऊन सरळ खोलीत आली की ही ओरडायची, "भिंत, भिंत! दारातून ये." ती बिचारी भरला तांब्या घेऊन वळसा घालायची.

"अहो, तुमच्या परदेशात माझे पाय मोडणार," सून म्हणाली. "आणि हे कपाट इथे ठेवलं तर दार उघडणार कसं? तुम्ही नुसती जमीन मोजता. घराला दारं असतात, हे तुमच्या गावीच नसतं."

त्याने निमूटपणे कपाट सरकवलं.

भावांची तऱ्हा वेगळी. तो प्रत्येक वस्तूचा तिथला भाव इथल्या पैशांत करायचा आणि कपाळाला हात लावायचा. कांदे ऐकून हिशोब पुन्हा केला. केस कापायचा दर ऐकल्यावर तर त्याला घासच गिळवेना.

"एवढ्यात इथे वर्षभर डोकं भादरून होतं."

"मग वाढवा जटा," सून म्हणाली. "अहो, पगार तिथला आणि भाव इथला, असं कुठे मिळतं का? पगाराचेही तसेच पैसे करा की."

तो हसला. मग पगाराचे पैसे केले, आणि जरा जास्तच खूश झाला. आजींना तीही चूक ओळखीची होती. मुलं अशी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातात. मधे यायला त्यांना वेळ द्यावा लागतो.

तिसऱ्या दिवशी आजी उठून पाणी प्यायला गेल्या, त्या थेट दोन भिंतींमधून.

"का गं, मला नाही अडवलंस?"

"तुला चालतं," ठकी म्हणाली. "तू तिथे नाहीयेस ना."

खरंच होतं. खाट रेघेच्या बाहेर होती. रोजच्याच जागी होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि ज्यांच्या आलं होतं, ते बोलले नव्हते. सून भांडी विसळत होती, तिचा हात थांबला. लेकाने घसा साफ केला.

"वर्षभरात बस्तान बसलं की तुला नेणारच आहोत, आई. तोवर ताईकडे..."

"हो हो, माझं काय," आजी म्हणाल्या. "तुम्ही आधी जा तर."

लेकीचं घर म्हणजे दोन खोल्या आणि सहा माणसं. पण ते बोलायचं नाही, असं आजींनी बोलावणं आलं त्याच दिवशी ठरवलं होतं. आपल्या पायी पोराची संधी अडू नये. गणित दुसऱ्याचं असतं तर त्यांनी केव्हाच बटणं गोळा करून हातात दिली असती. या गणितात त्या स्वतःच एक बटण होत्या, आणि बटणाने कसं म्हणायचं, पुन्हा मांड?

गुरुवारी त्या नेहमीसारख्या ठकीला शाळेतून घेऊन आल्या. संध्याकाळी जेवताना पहारेकरणीने सगळ्यांना धारेवर धरलं.

"आजी इथे राहिली. आई तिथे कामावर. बाबा कामावर. मग मला आणलं कोणी?"

लेकाने मित्राला फोन लावला. तिथे शाळा सुटल्यावर मूल सांभाळायला काय पडतं ते विचारलं. आकडा ऐकून त्याने फोन खाली ठेवला, आणि थोड्या वेळाने त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, सोपं आहे की! आई आली तर हे पैसे वाचतात. यात एक खोली जास्तीची बसते. आई, तू चल आमच्याबरोबर. फायद्यातच पडतं."

सुनेने मान खाली घातली. आजींनी हातातला घास ताटात ठेवला.

गेले चार दिवस त्या याच वाक्याची वाट बघत होत्या. आलं, तर ते असं आलं.

"ठकी दोन वर्षांत आपली आपण घरी यायला लागेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग पाळणाघर नको. म्हणजे खोली नको. तेव्हा मी कोणत्या खर्चात बसते?"

"आई, तसं नाही गं..."

"तू वाईट मनाने नाही बोललास, माहीत आहे मला. पण या हिशोबाने मी येणार नाही, बाळा. ताईकडे दाटीवाटीने राहीन, पण तिथे मला कुणाच्या बदली नाही धरलेलं."

मग कुणी फारसं जेवलं नाही. ठकी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिने बाबाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबा, पुन्हा मांड."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग आईकडे. आजींनी नजर ताटात वळवली. हे आपण शिकवलं नाही, असं म्हणायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी त्याने ओलं फडकं घेतलं आणि सगळा परदेश पुसून काढला. जमीन वाळली तसा टेप घेऊन तो खाटेपाशी आला.

"आई, जरा पाय वर घे."

त्याने आधी खाट मोजली. लांबी, रुंदी, उठायला-बसायला बाजूची जागा. मग तेवढीच खाट खडूने जमिनीवर काढली आणि तिथून रेघा मारायला घेतल्या. मापं दुसऱ्या घराची होती. शहराबाहेरचं, बसच्या शेवटच्या थांब्याजवळचं. खोल्या दोन, स्वयंपाकघर मात्र आणखी चिंचोळं. मित्राने तेही कळवलं होतं, पण त्याने तेव्हा ते बाजूला टाकलं होतं.

"मला पहाटे निघावं लागेल," तो बायकोला म्हणाला. "आणि पाळणाघराचे पैसे मी वाचले म्हणून धरलेच नाहीत. तेवढे वेगळे ठेवलेत. आईला वाटलं तर ती ठकीला आणेल, नाही वाटलं तर पैसे आहेत. शिल्लक अशी काही पडणार नाही."

"आत्ता काय पोती भरून पडतेय?" सून म्हणाली. "दारं काढा आधी. या वेळी विसरू नका."

त्याने दारं काढली. मग रेघेवरच उकिडवा बसून राहिला, खडू बोटांत फिरवत.

"आई, येशील का?"

हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. आजींनी नव्या रेघा नीट न्याहाळल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"माझं निवृत्तिवेतन हिशोबात धर," त्या म्हणाल्या. "तिथे चिल्लरच होईल, पण धर. आणि ही खाट परत दाराशीच ठेवलीस. वारा लागतो मला. खिडकीकडे घे."

त्याने तळहाताने रेघ पुसली आणि खाट खिडकीकडे काढली.

आजी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि जवळच्या बाजूने सरळ आत निघाल्या.

"भिंत, भिंत!" ठकी ओरडली. "दारातून ये."

आजींनी कुरकुरत सगळा वळसा घातला. ठकीने नसलेलं दार उघडून धरलं, आणि त्या आत गेल्यावर लावून घेतलं.