पाठीला हात लावू नये

त्या माणसाला जिन्यावरून मीच ढकललं, असं शेवटी ठरलं. ते राहू द्या. असं काही ठरलंच नाही असं धरून चालू, आणि नुबक कसं साफ करतात तेवढं सांगतो.

नुबक म्हणजे कातड्याची बाहेरची बाजू घासून घासून आणलेली बारीक लव. कुणी उंदराच्या पोटावरून हात फिरवला असेल, तर त्याला लगेच कळेल. स्वेड आतल्या बाजूचं असतं, राठ, विसराळू. नुबकला सगळं आठवतं. बोट टेकलं की लव आडवी होते आणि गडद खूण राहते. पाणी पडलं तर डाग, तेल पडलं तर कायमचा डाग, पॉलिश लावलं तर कोटाचं बारावं-तेरावं उरकून घ्यावं. कोरडा मऊ ब्रश, एकाच दिशेने; हट्टी जागी खोडरबर; अगदीच बसलेल्या लवेला लांबून वाफ. मात्र वाफाळलेल्या लवेवर काही दाबून धरलं, तर ते जन्माला पुरतं. हे शेवटचं मी जरा जास्तच लक्षात ठेवलं.

आत्याच्या कातडी कपडे साफ करायच्या दुकानाचा नियम आहे: आधी ब्रश, मग पावती. त्या दिवशी मी जेवून आलो तर टेबलावर मातकट रंगाचा पुरुषी कोट. पाठीवर मणक्याच्या उजवीकडे पाच बोटांचा पंजा. मी ब्रश उचलला आणि चार फटकाऱ्यांत पंजा गायब केला. मग पावतीसाठी कॉलर उलटली, तर आत टाचणीने चिठ्ठी लावलेली. आत्याचं अक्षर: ‘पाठीला हात लावू नये.’

आत्या आतून आली. “मेल्या, चिठ्ठी वाचलीस ना?”

“आत्ताच वाचली.”

“आणि आधी काय केलंस?”

“नियम पाळला.”

ती स्टुलावर बसली. कोट ज्या बाईंनी आणला होता, त्यांचा नवरा महिन्यापूर्वी जिन्यावरून पडून गेला. अंगात हाच कोट. पोलिस म्हणाले, पाय घसरला. बाई म्हणाल्या, दिराने ढकललं, हा बघा त्याचा हात. दुसऱ्या दिवशी त्या कोट दाखवायला चौकीत जाणार होत्या. पंजा उठून दिसावा म्हणून आजूबाजूची धूळ तेवढी काढायची होती.

“तिच्याकडे दुसरा पुरावा नाही रे,” आत्या म्हणाली. तिने ब्रश माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, “तुझा हात कितीसा आहे?”

वाफ दिली. उजवा तळवा टेकवला. आत्याने शंभरपर्यंत मोजलं. मध्ये एकदा “अंगठा जरा बाहेर” म्हणाली. हात उचलला तर असा पंजा, की मूळचा त्यापुढे कच्चा वाटावा.

बाई आल्या, कोटाकडे बघत राहिल्या. “साफ केल्यावर केवढा स्पष्ट दिसतोय हो,” म्हणाल्या. त्यांनी आम्हाला पेढ्यासारखे जपून धन्यवाद दिले, आणि मी ते खाल्ले.

चौकी तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या आठवड्यात तिथे दिराचा हात खुणेवर ठेवून पाहिला. गुबगुबीत हात, आखूड बोटं. इंचभर कमी पडला. “मी निघू ना?” त्याने नम्रपणे विचारलं. साहेब म्हणाले, बसा, सही राहिलीय. मग कोट ज्यांनी ज्यांनी हाताळला त्यांना बोलावलं. माझी करंगळी लहानपणापासून बाहेर वळलेली आहे. खुणेतलीही होती. चष्मा कपाळावरच सापडावा, तसे साहेब खूश झाले.

“साहेब, हा मी दुकानात उमटवलाय.”

“मग आधीचा कुठाय?”

“पुसला.”

“कुणी?”

“मीच.”

साहेबांनी पेन ठेवलं. “आधी पुसला, मग उमटवला. शहाणा माणूस असं करतो?”

“आत्याला विचारा.”

“आत्या घरची. चालणार नाही.”

बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या हाताकडे बघत होत्या. त्यांची काय समजूत झाली ते मला वाचता येत होतं, आणि ते ब्रशने निघणारं नव्हतं.

मला तळमजल्यावरच्या कोठडीकडे नेताना शिपाई दोन पायऱ्या पुढे होता. दीरही सही करून निघाला होता. जिन्याच्या तोंडाशी तो अदबीने बाजूला झाला. “तुम्ही आधी.” आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मणक्याच्या उजवीकडे, बोटं वर, अंगठा जरा बाहेर. आखूड, गुबगुबीत बोटं. तेव्हा मला तो पुसलेला पंजा लख्ख आठवला.

“जपून हं,” तो म्हणाला. “जिना गुळगुळीत आहे. सोमवारी जबाबाला मलाही बोलावलंय. भेटूच.”

त्याने ढकललं नाही. नुसतं माप घेतलं. खाली आल्यावर मी शर्ट काढून पाहिला. सुती होता. सुतीवर काही राहत नाही.

सबब, महोदय, खाली सही करणार अर्ज करतो की, येत्या सोमवारी तिसऱ्या मजल्यावरून खाली आणताना अर्जदारास जप्त मालातील मातकट नुबक कोट अंगात घालण्याची परवानगी मिळावी. आणि त्यानंतर काहीही झाले तरी सदर कोट कोणीही, कोणत्याही दिशेने, ब्रश करू नये, ही नम्र विनंती.