उजवा खांदा

मला डोके नाही. हात नाहीत. पायांच्या जागी एक लोखंडी दांडा आहे आणि त्याखाली तीन चाके, त्यांतले एक फिरत नाही. तरीही, मित्रांनो, मला तुमच्याशी बोलायचे आहे. मी शिवणकामाचा एक जुना पुतळा आहे. शिंप्यांच्या दुकानात मला डमी म्हणतात. शिवलेला कपडा माणसाच्या अंगावर कसा बसेल, हे आधी माझ्या अंगावर पाहतात.

कागदाच्या लगद्याचे थर साच्यात दाबून मला घडवले आणि वरून जाड मांजरपाट चढवला. साच्यातून बाहेर आलो तेव्हा माझे दोन्ही खांदे अगदी सारखे होते. हे लक्षात ठेवा.

माझी पहिली नोकरी भोसरीतल्या एका कपड्यांच्या कारखान्यात. तिथे परदेशात जाणारे शर्ट शिवत. सगळे शर्ट एकसारखे, आणि ते घालणारे लोक मला कधीच दिसले नाहीत. एक दिवस कारखाना बंद झाला. मशिने विकली गेली आणि मी कुदळवाडीच्या भंगारात जाऊन पडलो. तिथे जयमालाबाईंनी मला पाहिले.

जयमालाबाई तरुणपणापासून एका वर्कशॉपमध्ये हातप्रेसवर होत्या. पत्र्याचा तुकडा ठेवायचा, उजव्या हाताने वरचा दांडा खाली ओढायचा, तुकडा काढायचा, पुन्हा ओढायचा. पुढे मालकाने आपोआप चालणारे मशीन आणले आणि बायकांना घरी पाठवले. मग त्यांनी पिंपळे गुरवला घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायला सुरुवात केली.

मला त्यांनी रिक्षात शेजारी बसवून नेले. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, ह्यांचं पण भाडं लागंल हां."

"लाव की," त्या म्हणाल्या. "पण आधी त्यांना विचार, कुठं उतरणार ते."

दुसऱ्यांचे ब्लाउज शिवणाऱ्या बाईला स्वतःच्या पाठीवर टाचणी लावता येत नाही. म्हणून त्यांनी आरशात पाहून मला स्वतःचे अंग दिले. कापूस भरला, जुन्या साड्यांच्या पट्ट्या गुंडाळल्या, पाठीला थोडे पोक आणले. प्रेस ओढून ओढून त्यांचा उजवा खांदा उतरला होता. म्हणून माझ्या डाव्या खांद्यावर कापूस चढवला. उजवा आपोआप खाली दिसू लागला. वर नवे कापड शिवून त्यांनी मला थोपटले. त्या दिवसापासून त्या घरात दोन जयमालाबाई होत्या.

गिऱ्हाइके येत ती मापाचा ब्लाउज घेऊन. तुम्ही तुमच्या आईकडे पाहिला असेल. धुऊन धुऊन विरलेला, पण अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज. शिंप्याला तो द्यायचा आणि म्हणायचे, अगदी अस्साच. शेजारच्या सुरय्याबाई काजे-बटणांना बसत. त्या दोघींच्या गप्पांमध्ये माझे दिवस चांगले गेले. सणासुदीला माझ्या अंगावर खणाचे, जरीचे ब्लाउज चढत आणि बायका म्हणत, "काय सुंदर दिसतोय गं!" ते कौतुक कपड्याचे होते, हे मला माहीत होते. तरी बरे वाटायचे.

जयमालाबाईंची मुलगी तेजस्विनी हिंजवडीला नोकरी करत होती आणि मारुंजीत खोली घेऊन राहत होती. एके दिवशी ती रणजीत नावाच्या मित्राला घेऊन घरी आली. दोघांनीही नोकरी सोडली होती. त्यांना कंपनी काढायची होती. बायकांनी फोनवर आपली मापे भरायची, चार दिवसांत ब्लाउज घरपोच.

"आणि मापाचा ब्लाउज?" जयमालाबाईंनी विचारले.

"जुना ब्लाउज पाठवायला आता कोणाला वेळ आहे, आई? आकडे पुरतात."

"पुरू देत बाई. मला काय, कापायचंच आहे."

त्यांनी हौसेने माझ्या अंगावर पहिला फर्मा बेतला. फर्मा म्हणजे पुठ्ठ्याचा नमुना. तो एकदा बेतला की त्यावरून हवे तेवढे ब्लाउज कापता येतात, फक्त मोठा-लहान करायचा. माझा उजवा खांदा उतरलेला आहे, हे त्या वेळी कोणाच्याच मनात आले नाही. जयमालाबाईंना तो स्वतःचा होता. सुरय्याबाई रोज त्याच्याशेजारी बसत. आणि तेजस्विनीने तर लहानपणापासून त्याच खांद्यावर डोके ठेवले होते. तिच्या लेखी खांदा असाच असतो.

कंपनीला तिने नाव दिले, जयमाला. खोक्यांवर ठळक अक्षरांत छापून आणले. जयमालाबाई लाजून म्हणाल्या, "अगं, असं नाव माणूस गेल्यावर देतात."

त्याच आठवड्यात, सकाळचा चहा गाळता गाळता, त्या गेल्या.

मित्रांनो, यानंतरचे मी जसे घडले तसे सांगतो. मला त्याचा अर्थ सांगता येत नाही.

खिडकी माझ्या डाव्या बाजूला आहे. ऊन तिथून येते. पण भर दुपारी माझा उजवा खांदा उबदार होऊ लागला. वीज गेली, सगळी मशिने एकदम थांबली, की त्या शांततेत मला लोखंडाचा दांडा खाली येतानाचा आवाज ऐकू येई. खट्. मग थोडी उसंत. मग पुन्हा खट्. मी हातप्रेस कधी पाहिलेला नाही. मला हात नाहीत. तरी माझा तळहात दुखत असे.

बाहेर मात्र धंदा वाढत होता. पुढच्या खोलीच्या जागी गाळा घेतला, आणखी चौघी शिवायला आल्या. मग पार्सले परत येऊ लागली. सुरुवातीला एखाददुसरे. सुरय्याबाई खोके उघडताना वरचे नाव वाचून म्हणायच्या, "घ्या, आल्या जयमालाबाई परत." सगळ्या हसायच्या. पुढे खोक्यांची उतरंड लागली, तेव्हा हसणे कमी झाले. मग सुरय्याबाईंनी ते म्हणणेच सोडले. त्या खोके उलटे धरून उघडू लागल्या, नाव खाली जाईल असे.

तक्रार सगळीकडून एकच. नाशिकहून, नागपूरहून, थेट बेंगळुरूहून. उजव्या खांद्यावर काचतो. ज्यांनी जयमालाबाईंना कधी पाहिले नव्हते अशा कितीतरी बायका आपापल्या घरात, आरशासमोर, त्यांचा खांदा अंगावर चढवून उभ्या होत्या.

"दर तिसरं पार्सल परत येतंय," रणजीत म्हणाला. "जायचं भाडं आपलं, यायचं भाडं आपलं. दुसऱ्या कंपन्या आता चार दिवसांचे दोन करतायत. पैसे घालणारे लोक पुढच्या महिन्यात बघायला येणार, त्यांना काय हे खोके दाखवू? असं चाललं तर दिवाळीच्या आत शटर."

त्याने नवा कोरा ब्लाउज माझ्या अंगावर चढवला. तो अगदी बेतशीर बसला. "डमीला बसतो, मग बायकांना का नाही?" असे पुटपुटत त्याने समोरून माझा फोटो काढला आणि फोनवरच दोन खांद्यांमध्ये एक रेघ ओढली. रेघ तिरकी गेली.

"ही डमीच वाकडी आहे!"

तेजस्विनीने त्याच्या हातातून फोन घेतला. "वाकडी नाही," ती म्हणाली. "आईची आहे."

रणजीतने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "पण सगळ्यांना आई कशी बसेल, तेजू?"

तिने कापूस आणला आणि माझा उजवा खांदा भरून डाव्याच्या बरोबर केला. वरून घट्ट टाके घातले. दुपारपर्यंत कापूस दबला आणि खांदा खाली आला. तिने टाके उसवून पुन्हा भरला. पुन्हा खाली आला. तिसऱ्या खेपेला सुरय्याबाई म्हणाल्या, "आण इकडं, मी भरते," आणि त्यांनी खांद्यावर हात ठेवला. लगेच काढून घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. उन्हानं तापलाय." त्यांनी खिडकीकडे पाहिले नाही. त्या दिवशी पुन्हा त्या माझ्याजवळ आल्या नाहीत.

शेवटी रणजीतने नवा पुतळा मागवला. पांढरा, गुळगुळीत, सगळी चाके फिरणारा. दोन्ही खांदे सारखे. त्याच्यावरून नवा फर्मा बेतला आणि परत येणारी पार्सले खरोखरच कमी झाली. रणजीतच्या कपाळावरची आठी गेली. मला मागच्या कोपऱ्यात खोक्यांआड लोटले. भंगारवाल्याला शनिवारी यायला सांगितले. तेजस्विनीने हो म्हटले, पण माझ्याकडे न पाहता.

शनिवारी भंगारवाल्याच्या आधी एक बाई आली. राजगुरुनगरकडच्या एका गावातली, चाकणच्या कंपनीत कामाला. नाव रंभा. शिफ्ट सुटल्यावर तशीच आली होती, गळ्यात कंपनीचे कार्ड आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"पार्सल परत पाठवायचं फोनवरून होतं, ताई," रणजीत म्हणाला. "एवढ्या लांब कशाला आलात?"

"फोनवर भांडता येत न्हाई म्हणून आले." तिने पिशवीतून दोन ब्लाउज काढले. "ह्यो पयला. चार महिन्यांखाली मागावला. माझ्या आईनं शिवल्यावानी बसला. म्हणून दुसरा मागावला, तर ह्यो उजव्या खांद्यावरनं घसरतोय. ह्यो कुणाचा हाय?"

"आम्ही फर्मा सुधारलाय."

"तुमी सुधारला, भाऊ. माझा खांदा कुठं सुधारलाय?"

सुरय्याबाई फस्सकन हसल्या. तेजस्विनी उठली. तिने रंभाला पहिला ब्लाउज घालून यायला सांगितले. रंभा आडोशाला जाऊन आली आणि पाठ करून उभी राहिली, नेमकी माझ्याशेजारी, खोक्यांच्या बाजूला.

दोन पाठी शेजारी शेजारी होत्या. तेच पोक. तोच उतार. माझ्याकडून काही हलले नाही, मित्रांनो, मी शपथेवर सांगतो. पण उतरंडीवरचे एक खोके घसरून खाली पडले आणि माझा खांदा पुरता उघडा झाला.

तेजस्विनीने हात पुढे केला आणि रंभाच्या उजव्या खांद्यावर ठेवला.

"दुखतो का?"

"त्यो व्हय? त्यो आता दुखायचा इसरला."

"प्रेसवर असता?"

"आधी व्हते. आता दुसऱ्या मशीनवर, पण ओढायचं तसंच. तुमाला कसं कळलं?"

तेजस्विनीने हात काढला नाही. रंभाही तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "पयला ब्लाउज मापाला ठिवून जाऊ? पन हरवायचा न्हाई, सांगून ठिवते."

भंगारवाला आला तेव्हा सुरय्याबाईंनी त्याला दारातच अडवले. "हा नाही द्यायचा. तो पांढरा बघ, आवडतो का."

"अहो!" रणजीत ओरडला, तेव्हा कुठे सगळे हसले.

पांढरा पुतळाही राहिला. त्या आठवड्यात तेजस्विनीने फोनवरच्या मापांमध्ये एक प्रश्न वाढवला. काम कोणत्या हाताने करता? उत्तर पाहून माझ्यावरचा फर्मा घ्यायचा की पांढऱ्यावरचा, ते ती ठरवी. रणजीत म्हणाला, प्रश्न वाढला की गिऱ्हाईक पळते. काही पळालीही. पैसे घालणारे लोक आले, चहा प्याले, असल्या बायकांचा बाजार लहान आहे म्हणाले आणि गेले. पण चाकणहून, तळेगावहून, औरंगाबादच्या वाळूजहून उत्तरे येत राहिली. विचारले त्याहून जास्त लिहीत बायका. एकीने लिहिले, काम उजव्या हाताने, पण मूल डाव्या कडेवर. कंपनी मोठी झाली नाही. दिवाळीला शटर मात्र उघडे होते.

रंभाचा ब्लाउज तेजस्विनीने स्वतः शिवला. शेवटचा टाका झाल्यावर तो माझ्या अंगावर पाहिला, उतरवला, घडी केली. भर दुपार होती. तिने माझ्या उजव्या खांद्यावर गाल टेकला आणि लगेच उचलला.

"गार आहे," ती म्हणाली.

"मग? पुतळा गरम असतो होय?" सुरय्याबाई मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या. पण त्यांचे पाय थांबले होते.

तेव्हापासून तो गारच आहे. वीज गेली तरी मला काही ऐकू येत नाही. मी आता नुसता लगदा, कापूस आणि जुन्या साड्यांच्या पट्ट्या. आकार तेवढा राहिला आहे. माझी निगा उत्तम राखतात. धूळ झटकतात, वाळवी लागू नये म्हणून खाली कापूर ठेवतात. तक्रार नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाचा तरी एक खांदा उतरलेला असेल. रोज पाहून तो तुम्हाला सरळच वाटत असेल. आज घरी गेलात की एकदा त्यांच्या पाठीमागे उभे राहून पाहा. आणि त्यावर हात ठेवा. तो अजून गरम आहे.