मिरचीआत्याचा शब्द

राष्ट्राध्यक्ष वारले. मागे ना मूल ना वारस. सेनापतीला खुर्चीत नावापुरतं कुणीतरी हवं होतं, म्हणून त्याने अध्यक्षांची सावत्र बहीण हुडकून काढली. भावाने उभ्या जन्मात तिला विचारलं नव्हतं. ती इस्पितळाच्या धुलाईघरात रक्ताच्या चादरी धुवायची. जीभ अशी, की सगळं धुलाईघर तिला मिरचीआत्या म्हणे. सेनापतीला वाटलं, म्हातारी तोंडाची फटकळ, पण सांगू तिथे अंगठा देईल. शपथ झाली, आणि तिचा शब्द हाच कायदा झाला.

आत्याने पहिल्याच सकाळी पोलीसप्रमुखाला बोलावलं. शहरात मोर्चा निघाला त्या दिवशी त्याच्या माणसांनी तिच्या नवऱ्याला घराच्या दारात गोळी घातली होती. तो बिचारा चपला घालत होता.

"का मारलंस माझ्या माणसाला?"

"वरून हुकूम होता, बाईसाहेब."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हुकूम होता म्हणे! मेल्या, उभा जाळीन तुला!"

दोन शिपायांनी टाचा जुळवल्या आणि त्याला फरफटत अंगणात नेलं. आत्या खिडकीशी पोचेतो एकाने त्याच्या डोक्यावर पेट्रोलचा डबा उपडा केला होता. दुसरा काडेपेटी चाचपत होता.

क्षणभर तिला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. मग पेट्रोलचा वास वर आला आणि ती जिना उतरत ओरडली, "थांबा रे मुडद्यांनो!"

शिपाई थांबले. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"बाईच्या तोंडची शिवी ऐकून माणूस पेटवता? माझ्या दारातही असेच आला होतात ना? तेव्हा कुणाच्या तोंडून निघालं होतं?"

शिपायांनी हळूच तिच्यामागून अंगणात आलेल्या सेनापतीकडे पाहिलं.

सेनापती घड्याळ बघत म्हणाला, "बाईसाहेब, जाळायचं की नाही ते सांगून टाका. बैठक खोळंबली आहे."

"नाही जाळायचं. कोर्टात उभा करा याला, सगळ्यांसमोर." तिने बोट रोखलं. "आणि शेजारी यालाही."

तिचं बोट आपल्याकडे आहे हे कळायला सेनापतीला वेळ लागला. तो हसला. "आत्या, खुर्चीत तुम्हाला बसवलं कुणी?"

"तूच. भोग आता."

शिपायांनी टाचा जुळवल्या आणि सेनापतीच्या कमरेचं पिस्तूल काढून घेतलं.