पंख्याची घरघर

लॅपटॉप जगनचा नव्हता, त्याच्या लेकीचा, करिष्माचा. तिनंही तो कुणाचा तरी वापरून झालेला घेतला होता आणि नाशिकला नर्सिंगला जाताना बापासाठी ठेवून गेली होती. फोनवर लेक बोटभर दिसते, यात खऱ्याएवढी दिसते, म्हणून जगन त्याला जिवापाड जपे. दिवस मावळायच्या आत फोनचं नेट जोडून तो समोर मांडी घालून बसायचा. दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं.

पण लॅपटॉपचं वय झालं होतं. पंखा घरघर करायचा, बूड तव्यासारखं तापायचं आणि गप्पा रंगात आल्या की पडदा काळा.

"कसला आवाज येतो रे बाबा?" करिष्मानं एकदा विचारलं होतं.

"नवशीकाकी दळते अंगणात," जगन पटकन बोलून गेला.

त्याला खोटं बोलायची सवय नव्हती, पण एकदा बोलल्यावर ते रोज निभवावं लागलं. त्याची बायको सकू वारली तेव्हा करिष्मा शिक्षण सोडून घरी येऊन बसली होती. भाऊ धनेश आणि त्याची बायको नवशी यंदा पाड्यावरच राहणार, मी एकटा नाय, असं जगननं शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे ती परत गेली. आणि दिवाळी होताच धनेशनं भिवंडीकडच्या वीटभट्टीसाठी बिऱ्हाड बांधलं. त्याचं तरी काय चुकलं? पोट थोडंच थांबतं! जव्हार तालुक्यातल्या वांगणीजवळचा तो पाडाच रिकामा झाला. जाणाऱ्यानं मागे राहणाऱ्याकडे कोंबड्या सोपवायच्या, ही इथली रीत. त्यामुळे जगनकडे सगळ्यांच्या कोंबड्या होत्या, माणूस मात्र एकही नव्हता.

पुढे लॅपटॉप दोन शब्द व्हायच्या आतच बंद पडू लागला. असंच चाललं तर पोर काळजीनं उठून येईल, या धास्तीनं जगननं तो स्वतःच उघडायचं ठरवलं. जव्हारचा दुकानदार "फेकून दे" म्हणाला होता. जगन कसला ऐकतोय! त्याच्याकडूनच आतली चिप थंड ठेवणारी पेस्ट घेऊन तो घरी आला आणि फोनवर हिंदी व्हिडिओ लावून बसला. स्क्रू हरवू नयेत म्हणून त्यानं नाचणीच्या पिठाचा गोळा ताटलीत थापला आणि जो स्क्रू जिथून निघाला तो तशाच जागी त्या पिठात रोवत गेला. तसंही एकट्यापुरती भाकरी थापायचा त्याला कंटाळाच येई. आत पंख्याच्या तोंडाशी चुलीच्या काजळीचा जाड थर बसला होता. तो त्यानं जुन्या दातब्रशनं खरवडून काढला, पंख्याच्या आसाला तेलाचा थेंब दिला, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. पिठातले स्क्रू पुसून जागच्या जागी बसवले आणि बटण दाबलं. लॅपटॉप चालू झाला, तोही अगदी गपगार. जगनला इतका आनंद झाला की त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणाला सांगावं म्हणून.

नेट जोडताच करिष्मा दिसली. हसली. मग तिनं कान दिला.

"बाबा, आज काकी दळत नाय?"

पंखा दुरुस्त करायच्या नादात दळणाची थाप त्याच्या डोक्यातून साफ गेली होती.

"झालं दळून."

"मग बोलव ना तिला. कवापासून बोलले नाय तिच्याशी."

आता काय करणार? तो दारापर्यंत गेला. हाक मारल्यासारखं करायचं आणि ती घरात नाय म्हणून सांगायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

"नवशी! ए नवशी!"

कित्येक दिवसांनी तो कुणाला तरी नावानं हाक मारत होता. समोरच्या सगळ्या दारांना कुलपं.

ओ दिली ती कोंबड्यांनी. त्याचा आवाज म्हणजे दाणे, एवढंच त्यांना ठाऊक. सगळ्या धावत घरात शिरल्या. उघड्या मानेची तांबडी तर थेट लॅपटॉपसमोर येऊन उभी राहिली.

"ही काकीची तांबडी," करिष्मा म्हणाली. ती हसत नव्हती. "आपल्या घरात कशी?"

जगन तांबडीला हुसकायला लागला.

"कवा गेली ती लोकं?"

"दिवाळीला."

"म्हणजे तवापासून तू एकटा?" तिचा आवाज फुटला. "मी येते बाबा. उद्याच निघते."

"नको गं. शिक तू. मला काय झालंय?" म्हणताना जगनलाच रडू फुटलं. ते लपवायला अशा वेळी पडदा काळा व्हायला हवा होता. त्यानं लॅपटॉपकडे आशेनं पाहिलं. पण लॅपटॉप थंडगार होता, आणि खऱ्याएवढी लेक त्याच्याकडे बघत रडत राहिली.