आल्याचं मडकं

बाळंतिणीला आमच्या चिनी लोकांत महिनाभर आलं, डुकराचे पाय आणि काळा सिरका एकत्र उकळून खाऊ घालतात. मडकं चुलीवर चढवायचं ते आईच्या हातानं. म्हणून माझ्या बाळंतपणाला आई चीनमधल्या गावाहून इथं मलायात, पिनांगला यायची होती. बोटीचं तिकीट काढून झालं होतं.

पण तिनं पंचांग उघडलं. तो दिवस प्रवासाला वर्ज्य निघाला. दहा दिवसांनी पुढची बोट होती, ती धरू म्हणाली.

त्या दहा दिवसांत इथल्या गोऱ्या सरकारचा हुकूम आला. महिन्याला किती चिनी पुरुष उतरू द्यायचे त्या आकड्याचं बंधन होतंच, आता बायकांवरही. आईला हाँगकाँगच्या धक्क्यावरूनच परत फिरवलं.

"मुहूर्तानं घात केला," मी म्हटलं.

"मुहूर्ताला बोल लावू नकोस," शेजारची म्हातारी म्हणाली, तिला सगळे चौथी मावशी म्हणतात. "बोट बुडाली असती म्हणजे?"

"आता तरी कुठं पोचली?"

मावशीनं आलं चिरायला घेतलं.

"राहू दे मावशी. आई येईल."

"आणि पोटातलं तोवर थांबेल का? विचारून बघ त्याला."

माझा नवरा कामहोंग रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवी. "आपल्या चीन सरकारच्या इथल्या वकिलानं, कॉन्सलनं हरकत घेतलीय. म्हणे हा आमच्या लोकांचा अपमान आहे."

"मग सरकार काय म्हणतं?"

"विचार करतंय."

"किती दिवस करणार?"

"साहेब आहेत ते. आधी चहा होईल."

मुलगी झाली. मावशीनंच रांधलं. चव चांगली होती, फक्त आलं चिरलेलं होतं. आई ते सुरीच्या पात्यानं ठेचते. मी सगळं खाल्लं, पण आई येईल म्हणून तळाचं थोडं राखलं. सिरका घालून अधूनमधून उकळी दिली की ते टिकतं.

कॉन्सलनं दुसरा खलिता धाडला, मग तिसरा. मुलगी कुशीवर वळायला लागली.

काल आईचं पत्र आलं, गावच्या लेखनिकाकडून लिहून घेतलेलं. 'पंचांगात आठव्या महिन्यात बारा तारखेपासून प्रवासाला चांगले दिवस आहेत. तेवढं तुमच्या कॉन्सलला कळवा.'

कामहोंग वाचताना हसला, आणि त्यानं पत्राची घडी घातली.

"लिही ना तिला," मी म्हटलं, "की कळवलंय."

मुलीला त्याच्याकडे दिलं. मडक्यात सिरका ओतला, एक आल्याचा तुकडा पात्यानं ठेचून टाकला, आणि उकळी येईपर्यंत चुलीशी बसून राहिले.