उलट दिशेची वेळ

दोघे साडू. मोठा दातांचा डॉक्टर, धाकटा वेल्डर. सासूबाईंची कवळी डॉक्टरने बसवून दिली होती. त्यामुळे त्यांच्या तोंडात दातही डॉक्टरचे आणि शब्दही डॉक्टरचेच, असं वेल्डर बायकोला म्हणायचा. बायको हसायची. आईसमोर मात्र दोघंही ब्र काढत नसत.

मोटरसायकलचं वेड दोघांनाही होतं. शहराबाहेर शर्यतींचा ट्रॅक होता, तिथे शनिवार-रविवारी कुणालाही आपली गाडी पळवता यायची. गाडीला एक छोटं यंत्र लावत आणि प्रत्येक फेरीची वेळ कागदावर छापून देत. शनिवारी गाड्या घड्याळाच्या दिशेने धावत, रविवारी उलट. डॉक्टर शनिवारी दवाखाना बंद ठेवायचा, वेल्डरला सुट्टी रविवारची. म्हणून एकाच ट्रॅकवर जाऊनही दोघांनी एकमेकांची दिशा कधी पाहिली नव्हती.

डॉक्टरची सर्वांत चांगली फेरी एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांची. तो कागद त्याने दवाखान्यात पदवीशेजारी फ्रेम करून लावला होता. खुर्चीत तोंड उघडं टाकून पडलेल्या माणसाला तो वाचण्यावाचून गत्यंतर नसे.

एका रविवारी वेल्डरने एक मिनिट सत्तेचाळीस काढले. पुढच्याच आठवड्यात सासूबाईंकडे सगळे जेवायला जमले, तेव्हा त्याने खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरने चष्मा वर करून वाचलं. "कुठल्या दिशेने?"

"रविवारचं आहे. उलट."

"मग ही काय वेळ झाली? उलट फिरलं की लांब रस्ता उताराचा होतो. उतारावर दगडसुद्धा जोरात जातो."

सगळे हसले. डॉक्टरला चेव आला. जेवणाचं टेबल केव्हापासून डुगडुगत होतं. त्याने त्या कागदाच्या चार घड्या घातल्या, खाली वाकला आणि कागद पायाखाली सरकवला. टेबल हलवून पाहिलं.

"बघा! आला कामाला."

सासूबाई कवळीवर हात धरून हसल्या. वेल्डरची बायको कागद काढायला वाकली, तर तिची ताई म्हणाली, "राहू दे गं. किती दिवसांनी स्थिर झालंय."

जेवण संपेपर्यंत वेल्डरचे कान तापलेले होते. हात धुताना तो म्हणाला, "डॉक्टर, एकदा रविवारी या. उलट चालवून दाखवा."

"येतो की! पहिल्याच दिवशी पंचेचाळीस काढतो."

डॉक्टर आला, पण उशिरा. सकाळी सगळ्यांना उभं करून ट्रॅकची माहिती देतात, ती संपून गेली होती. "मला काय शिकवणार?" म्हणत तो नवा पांढरा कातडी सूट चढवून निघाला. पहिल्या दोन फेऱ्या सक्तीने सावकाश घ्यायच्या असतात. त्या घेऊन तो परत आला आणि वेल्डरजवळ थांबला. इंजिन चालूच होतं. शेजारी वेल्डरची बायको पाण्याची बाटली घेऊन उभी होती.

डॉक्टरने हेल्मेटची काच वर केली. आठ वर्षांत पहिल्यांदाच तो वेल्डरला काहीतरी विचारत होता, म्हणून आवाज खाली होता.

"तो चढ आहे ना, पलीकडचं काही दिसत नाही तो. तिथे कितवा गिअर?"

सरळ दिशेला तिथून चौथ्या गिअरमध्ये बिनधास्त जाता येई, कारण पुढे वळण उघडत जायचं. उलट येताना तेच वळण चढ संपताक्षणी आवळत जायचं. वेल्डर स्वतः तिथे दुसऱ्या गिअरवर यायचा, तोही जीव मुठीत धरून. रात्री अंथरुणावर बोटाने ते वळण काढून त्याने बायकोला कितीदा तरी समजावलं होतं.

"चौथा," वेल्डर म्हणाला. "सरळ दिशेसारखंच आहे. गॅस सोडू नका."

डॉक्टरने मान हलवली आणि हातमोजा घट्ट करू लागला. पट्टी नीट बसेना. दोनदा उचकटून त्याने पुन्हा लावली. तेवढ्या वेळात वेल्डरच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं आणि बाटलीचं झाकण फिरवत राहिली.

डॉक्टर गेला.

आपल्याला त्याला नुसतं गवतात पाठवायचं होतं, पांढरा सूट जरा मळवायचा होता, असं पुढे वेल्डरने स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण गवत संपलं की टायरांची भिंत आहे, हेही त्याला ठाऊक होतं.

चढापलीकडून इंजिनाचा आवाज आला, वाढला आणि मध्येच तुटला. मग लाल झेंडे हलले.

डॉक्टर वाचला. गाडी त्याच्या उजव्या हातावर पडली होती. अंगठा आणि दोन बोटं गेली, उरलेली दोन वळेनात.

दहाव्या दिवशी इस्पितळात सगळे खाटेभोवती असताना तो वेल्डरला म्हणाला, "तू चौथा म्हणालास."

"दुसरा म्हणालो, डॉक्टर. इंजिन चालू होतं, डोक्यात हेल्मेट. तुम्हाला ऐकू आलं नसेल."

"चौथा आणि दुसरा यात काय ऐकू येत नाही रे?" डॉक्टर मेहुणीकडे वळला. "तू तिथेच होतीस. तू सांग."

ती उशाशी फळं रचत होती. तिने हातातलं फळ खाली ठेवलं. "दुसरा म्हणाला. चांगलं दोनदा सांगितलं त्याने."

सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला आधीपासूनच कुणाचं ऐकायची सवय नाही, डॉक्टर." त्याच कवळीतून म्हणाल्या.

डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्याने उजवा हात उचलला, बँडेजचा गठ्ठा चष्म्यावर आपटला. मग ताईने लहान मुलासारखे त्याचे डोळे पुसले. वेल्डरने ते शेवटपर्यंत पाहिलं, आणि त्याला बरं वाटलं.

चार महिन्यांनी वेल्डरने एका शनिवारी रजा घेतली. सरळ दिशेला, दिवसभर. टायर झिजेपर्यंत फिरला. सर्वांत चांगली फेरी आली एक मिनिट पन्नास. वेळेचे कागद देणाऱ्या बाई म्हणाल्या, "तोंड का पाडलंत? इथे उलट दिशा तीन सेकंद तरी हलकी आहे. सगळ्यांना माहितेय."

घरी बायकोने विचारलं, "किती?"

"पन्नास."

तिने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे ते खरंच पंचेचाळीस काढू शकले असते."

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

दवाखाना विकायला काढला होता. ताईचा फोन आला, ह्यांना काही धरता येत नाही, चमच्याला जाड मूठ लावून देशील का. वेल्डरने पोलादी नळी कापली, वळवली, जोड घासून आरशासारखा केला. रविवारी सासूबाईंकडे जेवताना डॉक्टर त्या चमच्याने खात होता. निम्मं ताटाबाहेर सांडत होतं.

"मागच्या शनिवारी सरळ दिशेला गेला होतात म्हणे," सासूबाईंनी वेल्डरला विचारलं. "किती आली हो वेळ?"

वेल्डर घास चावत राहिला. उत्तर बायकोने दिलं.

"सत्तेचाळीस, आई. सरळ दिशेलाही सत्तेचाळीसच."

डॉक्टरचा चमचा थांबला. तो ट्रॅक त्याला तोंडपाठ होता. त्याने आधी मेहुणीकडे पाहिलं, मग वेल्डरकडे. वेल्डरने नजर ताटात घातली.

"मग माझ्यापेक्षा तूच भारी रे," डॉक्टर म्हणाला.

"कबूल केलंत हे बरं झालं," सासूबाई म्हणाल्या आणि धाकट्या जावयाला आग्रहाने वाढू लागल्या.