पोटातला तांदळाचा दाणा

मी फळीवरून बोलतोय. कल्याणजवळच्या मोहन्यातल्या एका खोलीत दाराच्या वर ठोकलेली ही फळी आहे. माझ्या शेजारी महिपतबाबांचे तीन पाने, एक पक्कड आणि एक हातोडी पडून आहेत. कारखाना बंद झाल्यापासून त्यांना काम नाही. मला गेल्या वर्षापासून नाही. मी एक लॅपटॉप आहे, गेम खेळण्यासाठी बनवलेला.

माझ्या जन्मातच खोट होती. पोटात दोन पंखे, त्यातला डावा पहिल्या दिवसापासून घरघरायचा. ठाण्यातल्या माझ्या पहिल्या मालकानं दोन वर्षं माझ्यावर गोळीबाराचे खेळ खेळले. एकदा हरला म्हणून त्यानं मला आपटलं, तेव्हा पोटाखालची जाळी एका कोपऱ्यात मोडली. मग त्यानं नवा घेतला आणि मी टेंभी नाक्याजवळच्या जुन्या मालाच्या दुकानात आलो.

तिथून ऋतुराजनं मला छातीशी धरून घरी आणलं. त्याच्या आईनं, कांताबाईंनी, मला उचलून बघितलं.

"केवढा जड रे! लॅपटॉप आणलास का पाटा?"

ऋतुराजनं माझ्यातलं जुनं सगळं पुसलं आणि लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घातली. यात आतलं सगळं उघडून बघता येतं, हवं तसं बदलता येतं, असं तो वडिलांना सांगत होता. महिपतबाबा जुने फिटर. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे झाकण काढून ठेवलेली मशीन."

लिनक्सशी माझं सहज जमलं नाही. बटणांखालचे लाल दिवे विझले. झोपवलं की मी उठायचो नाही. पंख्यांचा वेग सांभाळणारं कंपनीचं जे काही होतं, ते यात चालेना. ऋतुराज आठ दिवस माझ्यासमोर बसून होता. शेवटी त्यानं स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला. डाव्या पंख्याचा भार उजव्यावर टाकला. तेव्हापासून मी एका पंख्यावर जगलो.

माझी दुखणी काढता काढता पोरगा शिकला. ठाण्यातल्या एका कंपनीला लिनक्स सांभाळणारी माणसं हवी होती. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला पुढच्या फेरीला घेतलं. आता घरूनच तीन तासांची परीक्षा द्यायची होती, कॅमेऱ्यासमोर बसून. एकदाच. मध्ये बंद पडली तर संपली. आणि तो दिवस खंडेनवमीचा आला.

"आज हत्याराला हात लावत नाहीत रे," कांताबाई म्हणाल्या.

"आई, अकराला परीक्षा आहे. तू दहाला पूजा उरकून घे आणि मला दे. देवाला सांग, अर्जंट आहे."

"तूच सांग. तुझं इंग्लिश चांगलं आहे."

कांताबाईंनी सकाळपासून ताट घेऊन अक्षता निवडल्या. मोडका एक दाणा राहू दिला नाही. महिपतबाबांनी पाने धुऊन पाटावर ओळीनं मांडले आणि मला मधोमध ठेवलं. कांताबाई झाकणाला कुंकू लावणार, तेवढ्यात बाबांनी त्यांचा हात धरला.

"तिथं नको. मशीनला कुंकू कुठं लावतात? जिथं फिरतं तिथं."

कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्यांनी तसंच केलं होतं. तान्ह्या पोराला पालथं घालावं तसं त्यांनी मला हळूच पालथं घातलं. बोटानं जाळी चाचपली.

"ऋतू, चांगला पंखा हाच ना रे?"

"हो बाबा," मोरीतून आवाज आला.

हळद लागली, कुंकू लागलं, झेंडू ठेवला. मग बाबांनी चिमूटभर अक्षता माझ्या पोटावर वाहिल्या आणि वरून तळहात ठेवला. "पोराला यश दे," म्हणाले. मोडलेल्या कोपऱ्यातून एक दाणा आत घरंगळला. मला कळलं. मला वाचा नव्हती.

पहिला तास छान गेला. ऋतुराजची बोटं माझ्यावर इतकी भराभर कधी चालली नव्हती. दुसऱ्या तासाला जड काम आलं, मी तापलो, उजव्या पंख्यानं वेग घेतला आणि टक् असा आवाज झाला. पंखा थांबला. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा चढत गेला. नव्वद. पंचाण्णव.

"आई, टेबलफॅन! लवकर!"

कांताबाईंनी टेबलफॅन आणला. महिपतबाबा वर्तमानपत्रानं मला वारा घालत राहिले, जसा ताप आलेल्याला घालतात. बारा चाळीसला मी बंद पडलो. जळून जाऊ नये म्हणून आम्हाला आपोआप बंद पडायची सवय लावलेली असते. त्या दिवशी मला जळायचं होतं, पण अजून दीड तास चालून.

पुन्हा सुरू झालो तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती. तुमची परीक्षा संपली आहे. ऋतुराजनं कंपनीला लिहिलं, उत्तरही सभ्य आलं, पण नकाराचं. नंतर एकदा त्यानं मला तसाच चालवून बघितलं, तेव्हा माझा पडदा कायमचा काळा झाला.

कल्याणच्या दुरुस्तीवाल्या कमलेशनं मला उघडलं. तो ऋतुराजला नेहमी चिडवायचा. चिमट्यात काहीतरी धरून म्हणाला, "लिनक्सला व्हायरस येत नाही बोलतोस ना? हा बघ, आला." ऋतुराज हसला नाही. दाण्याला कुंकवाचा लाल रंग होता. "तुकडा असता तर पंख्यानं उडवला असता," कमलेश म्हणाला. "अख्खा आहे, बरोब्बर अडकला."

घरी ऋतुराजनं सांगितलं, "चिप गेली. मुळातच खोट होती." माझे उरलेले स्क्रू आणि तो दाणा एका पुडीत बांधून त्यानं माझ्या बॅगेच्या कप्प्यात ठेवले. फेकून का दिला नाही, मला माहीत नाही.

आता तो डोंबिवलीत घरोघरी पार्सलं पोचवतो.

उन्हाळ्यात महिपतबाबांना चष्म्यासाठी बारीक स्क्रू हवा होता. त्यांनी पुडी सोडली. फिटरला सांगावं लागत नाही. लाल दाण्याच्या कडेवर पंख्याच्या पात्याचा ओरखडा होता. ते जमिनीवरच बसले. आपला उजवा तळहात उघडून बराच वेळ बघत राहिले. मग पुडी होती तशीच घडीवर घडी घालून ठेवली. चष्मा दोऱ्यानं बांधला.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. कांताबाईंनी मला खाली काढलं.

"राहू दे ना आई, बंद आहे तो."

"तुझ्या बाबांचे पाने तरी कुठं चालू आहेत?"

त्यांनी कुंकू लावलं आणि अक्षता उचलल्या. महिपतबाबा म्हणाले, "त्याला नको."

"का हो?"

"गेल्या वर्षीच्या पुरल्या त्याला."

दारात बूट घालणाऱ्या ऋतुराजचा हात नाडीवर थांबला. त्यानं वर बघितलं. बाबा सरळच असलेले पाने पुन्हा सरळ करत होते.

"येतो बाबा."

"ये. जिने सावकाश चढ."

दिवाळीच्या साफसफाईत कांताबाई मला भंगारवाल्याला देणार आहेत. त्याचं मला वाईट वाटत नाही. एवढंच मागणं आहे, बॅग झटकताना ती पुडी त्यांच्या हाती लागू नये. त्या सकाळी ताटातले दाणे त्यांनीच निवडले होते, एकेक, अख्खे.